जेबेझच्या पाटीवरचा क

जेबेझ ट्रेव्हास्किसने जन्मभर मासेमारीच्या बोटींवर स्वयंपाक केला, पण ‘फूड’ हा शब्द कधी तोंडातून काढला नाही. फूड शहरात खातात. तो रांधायचा ते ‘व्हिटल्स’. आजा म्हणायचा, बाप म्हणायचा, म्हणून हाही म्हणायचा. शब्द म्हातारा झाला, पोरंसोरं हसू लागली, तरी जेबेझ हटला नाही.

समुद्र सोडल्यावर त्याने आपल्या कॉर्नवॉलमधल्या गावी, धक्क्यालगत, खाणावळ थाटली. पाटी गावातल्या रंगाऱ्याने, विल्फ नान्सने रंगवली. तिच्यावरचं ‘Victuals’ पाहून जेबेझ भडकला. शब्द त्याने ऐकला होता, लिहिलेला कधी पाहिला नव्हता.

“मध्ये हा क कुठून घुसला?”

“तो लिहायचा असतो, बोलायचा नसतो,” विल्फ म्हणाला.

“बोलायचा नाही, तर रंग कशाला नासवलास?”

“राहू दे की,” जेबेझची बायको टॅमसिन म्हणाली. “मीही या घरात आहेच, पण बोलू कुठे देतोस?”

उन्हाळ्यात पाहुणे आले. पाटी वाचून म्हणायचे, “दोन व्हिक्चुअल्स द्या.” जेबेझ डाव खाली ठेवायचा. “व्हिटल्स म्हणा.” बिचारे म्हणायचे. तोवर रस्सा निवायचा. एक बाई तर तरातरा उठून समोरच्या चहावाल्याकडे गेली.

“लोक जेवायला येतात रे, शाळेत नाही!” टॅमसिन कडाडली.

मग शरदात वादळ झालं आणि फ्रान्सकडची एक बोट धक्क्याला लागली. खलाशी चिंब, इंग्रजीचा गंध नाही. त्यांचा म्हातारा तांडेल पाटी पाहून हरखला.

“व्हिक्त्युआय!”

क अगदी खणखणीत. जेबेझने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला म्हाताऱ्याचे गारठून निळे पडलेले हात दिसले. चमचाही धरवत नव्हता. जेबेझने मुकाट्याने रस्सा वाढला, पाव वाढला, पुन्हा रस्सा वाढला. म्हातारा वाडग्याकडे बोट दाखवून तोच शब्द म्हणत राहिला.

“टॅमसिन, यांचाही शब्द आपलाच दिसतोय गं,” जेबेझ पुटपुटला. “यांनी क तेवढा टाकला नाही.”

“मग दुरुस्त कोणाला करायचं?”

जेबेझने पुन्हा डाव उचलला. त्यानंतर गिऱ्हाईक काहीही म्हणो, ताट गरमच जायचं.

दोन दिवसांनी वारा पडला. बोट सुटताना जेबेझ धक्क्यावर गेला, टोपी हलवली आणि कोणी पाहत नाही असं बघून, क-सकट, अडखळत तो शब्द ओरडला. टॅमसिनने तो ऐकला. नवऱ्याची अब्रू जपायची म्हणून तिने तो किस्सा फक्त निम्म्या गावाला सांगितला.