टाक्यात उतरले

माझा आवाज इतका बारीक, की वर्ध्याच्या एसटीत कंडक्टर मला दोनदा विचारतो, "कुठं?" शेवटी शेजारची बाईच माझं गाव सांगते. अशा बाईला लेकीनं जपानला नेलं. ती तिकडे नोकरीला आहे. मिळालेली थोडी सुट्टी तिनं माझ्या गुडघ्यांसाठी राखून ठेवली होती. समुद्राकाठच्या एका गावात जमिनीतून गरम पाणी निघतं. तिथल्या जुन्या पद्धतीच्या लॉजमध्ये आम्ही उतरलो. खोलीत पलंग नव्हता, चटईवर गादी होती. मला बरंच वाटलं. पडायची भीती नाही.

लेक म्हणाली, "आई, चाल, आपण दोघी गरम पाण्यात बसू."

"परकर बांधून येते."

"तिथं कपडे चालत नाई."

"मंग मले सर्दी हाय," मी म्हणाले.

ती टॉवेल घेऊन एकटीच गेली. तिचं ते एकटीनं जाणं रात्रभर माझ्या उशाशी होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती समुद्रावर फिरायला गेली, तेव्हा मी ठरवलं, की कोणी नसताना गुपचूप आंघोळ करून घ्यायची आणि झाली म्हणून सांगायचं. उद्या सकाळी तर निघायचंच होतं.

बायकांच्या न्हाणीघरात खरंच कोणी नव्हतं. बसायला छोटं स्टूल, जवळ लाकडी घमेलं. अगदी आपल्यासारखं. नळाची बटनं कळेनात, पण समोर भलं मोठं टाकं काठोकाठ भरलेलं होतं. घमेल्यानं पाणी घेतलं आणि दोन पाय आखडून मस्त आंघोळ केली. मनात म्हटलं, एवढ्यासाठी का लेकीनं विमानानं आणलं?

तेवढ्यात एक म्हातारी आली. मी भिंतीकडे तोंड केलं. तिनं माझ्यासारखंच अंग धुतलं, आणि मग सरळ टाक्यात उतरली. गळ्यापर्यंत बसली.

आमच्या घरी टाक्यात कोणी बोट घातलं तरी मी दिवसभर बोलते. मी घमेलं घेऊन उभी राहिले.

"आजीबाई, टाक्यात काऊन बसल्या? बाकीचे लोकं काय तुमच्या खराब पाण्यानं आंघोळ करतीन? निघा बाहेर, निघा."

म्हातारी हसली आणि हातानं मला या या करू लागली. मला आणखीच राग आला. माझा आवाज बाहेरच्या ओट्यापर्यंत गेला असणार, कारण समुद्रावरून परतलेली लेक दारातून धावत आली.

"आई, काय करून राह्यली तू?"

"हिले समजाव. टाक्यात बसली."

"ते टाकं नाई, आई. त्यातच बसाचं असते."

"मंग मी आतापर्यंत काय केलं?"

"तू नुसतं अंग धुतलं."

तेव्हा मला आठवलं की माझ्या अंगावर काहीच नाही. दोन बायकांसमोर मी हातात घमेलं घेऊन उभी राहून भांडत होते. टॉवेल दाराजवळ होता, दारात लेक होती. लपायला एकच जागा दिसली. मी टाक्यात उतरले.

थोड्या वेळानं लेकही अंग धुऊन शेजारी येऊन बसली. लहानपणी मी तिला न्हाऊ घालायचे, त्यानंतर अशा आम्ही बसलोच नव्हतो. दोघी खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राकडेच पाहत राहिलो. म्हातारी काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, तुझ्या आईचा आवाज लई खणखणीत हाय."

लेक इतकी हसली, की पाणी तिच्या नाकात गेलं.

"सर्दी गेली काय तुयी?" तिनं विचारलं.

"गेली," मी म्हणाले आणि अंधार पडेपर्यंत उठले नाही. खरं तर उठायची लाज वाटत होती.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय केलं तिथं एवढ्या दूर जाऊन?"

"टाक्यात बसली," मी सांगितलं.

"आपल्या टाक्यात बसू नोको म्हणजे झालं," हे म्हणाले, "नळ एक दिवसाआड येते."