मावशीचा लूपर आणि काकांचा पाय

माझ्या मावशीला ‘मला जमणार नाही’ हे वाक्य येतच नाही. तीस वर्षं ती कपडे अल्टर करायचं दुकान चालवते. लोकांचे कोट नि पँट उसवते आणि त्यांच्या अंगाला बसतील असे पुन्हा शिवते. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते शेवटपर्यंत ऐकून घेत नाही. उलट तेच हिला सॉरी म्हणून जातं. दुकानामागच्या दोन खोल्यांत ती आणि काका राहतात. भिंतीवर दोन गिटार.

त्या गिटारांवर दोघं मिळून बावीस वर्षं वाजवत आले. काकांनी खालून ताल धरायचा, मावशीने वरून सूर खेळवायचे. वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात शेवटचा अर्धा तास त्यांचाच. काका छापखान्यात मशीन चालवायचे. शेजारच्या खोलीत चहा पितानासुद्धा मशीनचा ठोका चुकला की त्यांना कळायचं. गेल्या वर्षी आजारपणात त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. त्यांनी गिटार खुंटीला टांगली ती टांगलीच. म्हणाले, “माझं संपलं. तू एकटी वाजव.”

मावशीला एकटीने वाजवायचंच नव्हतं. पण काकांपुढे रडणं तिच्या स्वभावात नाही. तिने मला फोन केला. वाचनालयाच्या सभागृहात साउंड मी बघतो, त्यामुळे घरातला तज्ज्ञ मीच. मी तिला लूपर आणून दिला. साबणाच्या वडीएवढी लोखंडी डबी, वर एकच बटण. पायाने एकदा दाबलं की आपण वाजवतो ते डबी टिपून घेते. पुन्हा दाबलं की तेच फिरून फिरून ऐकवत राहते, आणि त्यावर आपण दुसरं काही वाजवायला मोकळे. बटण दाबून धरलं तर मात्र सगळं पुसलं जातं.

“एवढंच?” मावशी म्हणाली. “अरे, तीस वर्षं पायावरच तर पोट भरतेय मी!”

तिथेच घोडं अडलं. शिलाई मशीनच्या पेडलवर पाय ठेवला की ठेवायचाच; उचलला तर टीप थांबते. मावशीचा पाय लूपरवरही तसाच विसावायचा आणि नुकताच वाजवलेला ताल गायब व्हायचा. पुसला नाही, तर दुसरा दाब उशिरा पडायचा आणि प्रत्येक फेरीला ताल लंगडायचा. आतून काका ओरडायचे, “उशीर!” मग थोड्या वेळाने, “पाय उचल गं बाई!” हाताने राजीनामा दिला होता, कान अजून कामावरच होते.

“मावशी, ताल आधीच रेकॉर्ड करून ठेवू या,” मी सुचवलं. “मी मागून लावतो.”

“मग मी तिथे काय शोभेला बसू? तू तुझ्या वायरी बघ.”

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. काका तिसऱ्या रांगेत, उजवा हात खिशात. मावशीने बटण दाबलं, ताल वाजवला, पुन्हा दाबलं. अगदी वेळेवर! ताल फिरू लागला. मावशीने डोळे मिटून वरचे सूर सुरू केले, आणि पाय विसावला. ताल गेला.

माझी पाचावर धारण बसली. मावशी मात्र माइककडे झुकली. “टीप सुटली. पुन्हा घालते.” लोक हसले.

दुसऱ्यांदाही तेच झालं. या वेळी कुणी हसलं नाही. मावशी घाबरलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती, आणि ती डबी मीच आणली होती. मला माझाच राग आला.

तेवढ्यात काका उठले. “जरा पाय घ्या,” म्हणत रांगेतून बाहेर आले, पायऱ्या चढले आणि कडेची खुर्ची डाव्या हाताने ओढत मावशीच्या उजवीकडे बसले. त्यांची नेहमीची जागा. उजव्या पायातला बूट काढला आणि डबी आपल्याकडे सरकवली.

“अहो, काय करताय?” मावशी कुजबुजली, पण माइक चालूच होता.

“बावीस वर्षं ताल कोणी धरला? तू वाजव. पायाचं मी बघतो.”

मावशीने ताल वाजवला. काकांचा मोज्यातला पाय एकदा टेकला, उचलला, आणि फेरी संपताना पुन्हा टेकला. जोड कुठे आहे ते मला कानात प्राण आणूनही सापडेना. त्यावर मावशी अशी वाजवत सुटली की अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला आणि कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही. काकांचा उजवा हात खिशाबाहेर होता. मांडीवर, सगळ्यांसमोर, खुशाल थरथरत होता.

लोक गेल्यावर मी सामान आवरत होतो. मावशी आमच्याकडे पाठ करून केबल गुंडाळत होती आणि मधूनच नाक ओढत होती. केबल चुकीची गुंडाळत होती, पण मी तिला तशीच गुंडाळू दिली. काकांनी बूट घातला, लेस बांधायला पाय माझ्यापुढे केला आणि विचारलं, “अशी आणखी एक डबी मिळेल का रे?”

“कशाला, काका? एक पुरते की.”

“मला पाय दोन आहेत.”