समोरच्या घरातलं प्लास्टिकचं झाड

आमच्या समोरच्या घरात नाताळचं झाड आलं, तेव्हा मी चौथीत होते. आम्ही मुलुंडला एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. समोरचं दार वसईकडच्या एका ख्रिश्चन कुटुंबाचं होतं. घरात आंटी, त्यांचे म्हातारे सासरे आणि वर्षातून जेमतेम दोन महिने दिसणारे अंकल. अंकल जहाजावर नोकरीला होते. त्या वर्षी ते दिवाळीच्या सुमाराला येऊन गेले आणि जाताना एक माणसाएवढं लांब खोकं मागे ठेवून गेले. खोक्यावर परदेशी अक्षरं होती. आत सोनं असणार, असं तळमजल्यावरच्या काकूंचं म्हणणं. आईचं मत पडलं, व्हिडिओ प्लेअर असेल. पण तो एवढा लांब कशाला, हा प्रश्न तिला सुटत नव्हता.

डिसेंबरात एका संध्याकाळी आंटी आमच्या दारात आल्या. बाबा नुकतेच कामावरून आले होते. ते कांजूरमार्गच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते, आणि बिल्डिंगमध्ये कुणाचाही फ्यूज गेला की त्यांनाच हाक यायची.

"भाऊ, जरा बघता का? त्या खोक्यात झाड आहे, नाताळचं. पप्पांचे हात थरथरतात आणि मला त्या वायरींचं काय कळत नाय."

बाबा चप्पल घालून निघालेसुद्धा. आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू पण जा गं. बाबांच्या जवळच राहा. आणि काय काय झालं ते मला येऊन सांग."

"झाड कसं लावतात ते?"

"सगळंच."

झाड म्हणजे लोखंडी तिपाई, तीन तुकड्यांचा दांडा आणि ढीगभर चपट्या झालेल्या हिरव्या फांद्या. फांद्यांच्या टोकांना रंग लावलेले होते. ज्या रंगाची फांदी, त्याच रंगाच्या भोकात ती बसवायची. बाबांनी आधी सगळ्या फांद्या रंगाप्रमाणे जमिनीवर लावून घेतल्या. दाबली गेलेली एकेक काडी बोटांनी उघडून फुलवायचं काम माझ्याकडे आलं. झाड उभं राहिल्यावर बाबांनी ते गदागदा हलवून पाहिलं. "हे पडणार," म्हणाले. मग त्यांनी ते पडद्यापासून लांब सरकवलं आणि मागून बारीक तारेने खिडकीच्या गजाला बांधून टाकलं.

आंटी ज्यांना पप्पा म्हणत ते त्यांचे सासरे आरामखुर्चीत बसले होते. हातात पेपर होता, पण पान काही उलटत नव्हतं. मध्येच म्हणाले, "आम्ही गावाला फांदी तोडून आणायचो. मेणबत्त्या लावायचो वर."

"काका, हे प्लास्टिक आहे," बाबा म्हणाले. "एक ठिणगी पडली तर घर पेटेल. मेणबत्ती जवळसुद्धा आणू नका. आणि बर्फ म्हणून कापूस लावाल तो दिव्यांपासून लांब."

खोक्यातली दिव्यांची माळ बाबांनी हातात घेतली, तिच्यावरची चिठ्ठी चष्म्याजवळ नेऊन वाचली आणि माळ परत ठेवून दिली. "ही एकशे दहा व्होल्टची. आपल्याकडे लावली तर वाट लागेल. मी आणतो दुसरी."

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. आईला रंगीत टोकांत काही रस नव्हता.

"ती कुठे बसली होती?"

"उभ्या होत्या."

"कुठे?"

"झाडापाशी."

"आणि बाबा?"

"झाडापाशीच."

आईने गॅस बारीक केला आणि माझ्याकडे नीट वळली. आई माझं बोलणं एवढं मन लावून कधी ऐकत नसे. तिला काय हवंय हे मला पुरतं कळलं नव्हतं, पण काहीतरी हवंय एवढं कळलं. दुसऱ्या संध्याकाळी मी झाडाकडे कमी आणि माणसांकडे जास्त पाहिलं. आंटींनी बाबांना चहा दिला, त्यात साखर न विचारता दोन चमचे घातली. मी ते लक्षात ठेवलं आणि आईला सांगितलं. आई "अस्सं" म्हणाली.

बाबांनी लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून दिव्यांची माळ आणली होती. ती आधी आमच्याच ओट्यावर पसरून तासभर चालू ठेवली, कुठे गरम होतेय का ते हात लावून पाहिलं, दोन सांधे काळ्या टेपने गुंडाळले. आई मागे उभी राहून बघत होती.

"एका झाडाला किती संध्याकाळी लागतात हो?"

"उद्या शेवटची."

"भाऊ म्हणते ना ती तुम्हाला?"

"हो. का?"

"काही नाही. विचारलं आपलं."

तिसऱ्या संध्याकाळी माळ चढली, आणि शेंड्यावर तारा बसवला. तो अंकलनी आणलेला, पत्र्याचा, आत एक बल्ब असलेला. बाबांनी त्यातला बल्ब आणि वायर बदलून घेतली होती. बटण दाबलं आणि झाड उजळलं. मी टाळ्या वाजवल्या. तारा थोडा एका बाजूला कलला होता. आंटी आत नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, पीठ मळत होत्या. त्या हात धुऊन तशाच बाहेर आल्या, स्टुलावर चढल्या आणि ताऱ्याकडे हात नेला.

बाबा ओरडले, "थांबा!" त्यांनी आंटींचं मनगट पकडून त्यांना खाली खेचलं. एका हाताने मनगट तसंच धरून दुसऱ्या हाताने खिशातला टेस्टर काढला आणि ताऱ्याला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. पत्र्याच्या धारेने वायर कापली गेली होती. तारेतली वीज सबंध ताऱ्यात उतरली होती.

"ओल्या हाताने?" बाबा म्हणाले. "अहो, गेल्या असतात तुम्ही."

मग त्यांनी हात सोडला, बटण बंद केलं आणि तारा काढून बाजूला ठेवला.

मी हे सगळं पाहिलं होतं. टेस्टरचा दिवा पाहिला होता, आंटींच्या कोपरावरून ओघळणारं पाणी पाहिलं होतं. पण घरी आल्यावर आईने विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हणाले, "बाबांनी त्यांचा हात धरला."

मला वाटलं आई पुढे विचारेल, मग मी उरलेलं सांगेन. तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

दोन दिवस घरात फक्त भांडी वाजत होती. बाबा "काय झालं?" विचारत, आई "कुठे काय" म्हणे. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, "हात का धरलात तिचा?"

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "करंट उतरला होता ताऱ्यात. तिचा हात ओला होता. हिने सांगितलं नाही?"

दोघंही माझ्याकडे बघत होती.

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

आजही मला कळत नाही, मी असं का म्हणाले. बाबा ताटावरून उठले. हात धुताना त्यांनी नळ बराच वेळ चालू ठेवला.

चोवीस तारखेला दुपारी आंटी परत दारात आल्या. "भाऊ, तो तारा तेवढा..."

"मला वेळ नाही," बाबा आतूनच म्हणाले. ते घरीच होते, रजेवर होते, आणि पलंगावर नुसते बसून होते. आंटींनी आईकडे पाहिलं, मान हलवली आणि गेल्या.

आईने अर्धा तास गहू निवडले. मग पदर नीट केला आणि मला म्हणाली, "चल."

समोरच्या घरात सासरे त्याच खुर्चीत होते. आईने झाडाकडे पाहिलं, गजाच्या तारेकडे पाहिलं, सगळीकडे नजर फिरवली. सासरे तिचं हे बघणं बघत होते. शेवटी तेच बोलले.

"हात ओला होता तिचा. तुमच्या माणसानं वाचवली. मी इथंच बसलो होतो, बाई. तिन्ही दिवस इथून उठलो नाय. का उठलो नाय, ते तुमाला सांगायला नको."

आईचा चेहरा पडला. तेवढ्यात आंटी आतून आल्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

"बसा, वहिनी," त्या म्हणाल्या. "पप्पांची नजर मला सवयीची झालीय. तुमच्या मुलीची पण कळली होती. नवरा बोटीवर असला की प्रत्येक जण मोजत असतो, कोण आलं, कोण गेलं. तुम्ही स्वतः आलात ते बरं झालं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच असेल, आईला तिथे बसवेना. ती दारात गेली आणि आमच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो! टेस्टर घेऊन या जरा."

बाबा आले. कुणाकडेही न बघता त्यांनी पत्र्याचा तारा बाजूला टाकला आणि पुठ्ठा कापून नवा केला. आईने त्याला चांदीचा कागद लावला. स्टूल आईनेच धरलं. आंटींनी हात कोरडे करून ते आधी बाबांना दाखवले आणि मग तारा बसवला. रात्री चर्चला जाताना बटण बंद करून जा, एवढं एक वाक्य बाबा बोलले.

दुसऱ्या दिवशी नेवऱ्यांची आणि केकची ताटली आली. आईने केकचा प्रत्येक तुकडा आधी हुंगून पाहिला, दारू घातलीय का म्हणून, आणि मग मला दिला.

मला कुणीच रागावलं नाही. बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही, पण कित्येक दिवस मी खोलीत आले की ते बोलता बोलता थांबायचे. आणि आईने मला पुन्हा कुठे बघायला पाठवलं नाही. आज तिचं वय झालंय. फोनवर मी तिला काही सांगितलं की ती विचारते,

"आणि? अजून काय झालं?"

मी सगळं सांगून झालेलं असतं. तरी ती उरलेल्याची वाट बघते.