काकूंच्या दवाखान्याचा करार

हैदराबादेत रांगेत उभं राहायला मनापासून आवडणारा माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो तारनाक्याला आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. बाकीचं शहर रांग दिसली की बाजूनं घुसायची वाट शोधतं, आमच्या वरच्या काकांना रांग दिसली की ते आपसूक शेवटी जाऊन उभे राहतात आणि मग पुढच्याला विचारतात, "ही कशाची आहे हो?" एकदा विद्यानगरला असेच एका रांगेत उभे राहिले ते थेट लग्नाच्या स्टेजवर निघाले. नवरानवरीला आशीर्वाद दिला, फोटो काढून घेतला, बिर्याणी खाल्ली आणि घरी आले. लग्न कुणाचं, ते आजपर्यंत कळलेलं नाही. "पोरगी गुणाची दिसली," एवढाच अहवाल त्यांनी काकूंना दिला.

काका मूळचे नांदेडकडचे. फौजेत सुभेदार होते, इंजिनिअर पलटणीत. नद्यांवर तात्पुरते पूल टाकणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मिशा आणि आवाज अजून नोकरीतच आहेत. सकाळी बुद्धवंदना आटोपली की ते जिन्याच्या तोंडाशी येऊन साऱ्या बिल्डिंगला एकच खणखणीत "जयभीम, जयहिंद, गुड मॉर्निंग" घालतात, म्हणजे प्रत्येकाला वेगळं घालायला नको. त्यांच्या एका वाक्यात नांदेडची मराठी, फौजी हिंदी, इथली दखनी आणि भाजीवालीकडून उचललेली तेलुगू अशा चारही भाषा नांदतात. मी जामबागेतल्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून माझ्यापुरतं ते शुद्ध बोलू पाहतात. "मास्तरीणबाई, आपल्याकडं जलाचं आगमन झालं काय?" असा प्रश्न वरून आला की समजावं, नळाला पाणी नाही.

काकू याच्या अगदी उलट. दिवसभरात मोजकं बोलणार, तेही हळू. त्यांच्या किडन्या निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून ते होतं. योजना सरकारची, पण प्रत्येक भागात मशीन बसवणं सरकारला कुठून जमणार? म्हणून खासगी दवाखान्यांशी करार असतात. पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी घ्यायची आणि करार असलेल्या दवाखान्यात जायचं. काकूंचा दवाखाना विद्यानगरला, ऑटोनं दहा मिनिटांवर. लहानसाच, पण काकांनी तो ताब्यात घेतल्यासारखा होता. वॉचमन त्यांना पाहून उठून उभा राहायचा. सुई टोचणाऱ्या तेलुगू पोरीला ते दर वेळी आधी विचारत, "टिफिन अय्यिंदा, अम्मा?" नाष्टा झाला नसेल तर तिला खाली कँटीनला पाठवत आणि काकूंना म्हणत, "उपाशी माणसाचा हात थरथरतो. थांब जरा." ती पोर त्यांना तातगारू, म्हणजे आजोबा, म्हणायची. डॉक्टर त्यांना काही म्हणायचेच नाहीत. लांबून आवाज आला की दुसऱ्या जिन्यानं जायचे.

मग एक दिवस दवाखान्याच्या दारावर कागद लागला. योजनेबरोबरचा करार महिनाअखेरीस संपतोय, नवा होईपर्यंत या योजनेचे पेशंट घेता येणार नाहीत. काकांनी तो वाचला आणि त्या घटकेपासून कराराचं काम स्वतःकडे घेतलं. तपासणीला अधिकारी येणार हे कळल्यावर त्यांनी दवाखान्यातल्या झाडून सगळ्या कुंड्या खाली गेरू, वर चुना अशा फौजी थाटात रंगवल्या. रिसेप्शनवरच्या मुलीला ताठ उभं राहायला शिकवलं. ती बिचारी इतकी ताठ झाली की अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न तिलाच विचारला, "बेटा, पाठ दुखते का?" तपासणी मात्र चांगली झाली. अधिकारी हसून गेले, आणि फाइल दिल्लीला गेली.

दिल्लीला गेलेली फाइल काही बोलेना. काका रोज पॉलिक्लिनिकच्या रांगेत उभे राहत, नंबर आला की तिथल्या निवृत्त कर्नलसाहेबांना सलाम ठोकून विचारत, "साहब, कुछ?" कर्नलसाहेब भला माणूस. म्हणायचे, "सुभेदारसाहब, मी रोज फोन लावतोय. तोवर दुसऱ्या दवाखान्याची चिठ्ठी देतो ना." तो दुसरा दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गच्चीबावलीच्या बाजूला. मधल्या दवाखान्यांतल्या मशिनी आधीच भरलेल्या.

आम्हाला वाटलं, आता काका काहीतरी मोठं करणार. दिल्लीला जाणार, नाहीतर दवाखान्याच्या दारात बसणार. पण काका गप्प झाले. सकाळची सलामी बंद पडली. बिल्डिंगमध्ये ती इतकी चुकल्यासारखी वाटू लागली की दुसऱ्या मजल्यावरचे रेड्डीगारू, जे तिच्याबद्दल कायम कुरकुरायचे, तेच मला म्हणाले, "टीचरम्मा, काकासाब बरे आहेत ना?"

त्याच आठवड्यात शाळेला सुट्टी होती म्हणून मी बहिणीकडे निघाले, तर तारनाक्याच्या मेट्रो स्टेशनवर मला काका दिसले. दिसले, पण ओळखू आले नाहीत. एरवी छाती काढून चालणारा हा सहा फुटी माणूस एक हात कमरेवर ठेवून, पाय ओढत, दर चार पायऱ्यांनी थांबून श्वास घेत जिना चढत होता. दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला पितळी पेला. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"काका! काय होतंय?"

"काही नाही. सोड, सांडेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "रेकी चालू आहे."

"कशाची?"

"तिकडच्या दवाखान्याची. पूल टाकायच्या आधी माणसानं पाण्यात उतरून बघायचं असतं. मी तुझ्या काकूसारखा जाऊन बघतोय."

त्या चालण्यातल्या काकू मला तेव्हा कुठे दिसल्या. हुबेहूब त्याच. "आणि हा पेला?"

"ती सांगती व्हय काय दुखतंय ते?" शुद्ध भाषा गळून पडली होती. "कवाबी विचारा, बरं हाये म्हनती. पानी खोटं बोलत न्हाई, हिसका बसला की सांडतं."

बहिणीला फोन करून मी त्यांच्याबरोबर निघाले. मेट्रोच्या गार्डनं अडवलं, तेव्हा काकांनी त्याच्या डोळ्यांदेखत एक घोट पिऊन दाखवला आणि बाटलीतून पेला पुन्हा काठोकाठ केला. गाडीत ते काकूंसारखे डोळे मिटून बसले. रायदुर्गला उतरेपर्यंत थेंबही सांडला नाही. काकांचा चेहरा जरा उजळला. पण पुढे ऑटोत बसलो आणि पहिल्याच खड्ड्यात निम्मा पेला त्यांच्या पायजम्यावर गेला.

"मेल्लगा अन्ना, मेल्लगा! हळू!" काका ओरडले.

ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं. "चच्चा, पानी पी रैं की नहा रैं?"

दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा पेला रिकामा होता, पायजमा नको तिथे ओला होता आणि आत जाणारे लोक सभ्यपणे दुसरीकडे बघत होते. काकांना त्याचं काही नव्हतं. ते आत गेले, डायलिसिसचा वॉर्ड लांबून पाहिला, खुर्च्या दाबून पाहिल्या, नर्सशी बोलले. सगळं स्वच्छ, सगळे नम्र. बाहेर येऊन पायरीवर बसले.

"दवाखाना चांगला हाये गं," ते म्हणाले. इतक्या दुःखानं कुणी कशाला चांगलं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. "आनताना आनीन तिला कसंबी. परत नेताना काय करू? आता विद्यानगरावरून आनतो, तवाबी दारापाशी येऊस्तोवर डोळे उघडत न्हाई ती."

 मी रुमाल दिला. त्यांनी त्यानं पेला पुसला.

महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी, सकाळी मी पोहे परतत होते. वर खुर्ची पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ काका अनवाणी धडधडत खाली आले. दारात उभे राहिले.  चार भाषा येणारा माणूस, एकही कामाला येईना. हातातला फोनच त्यांनी माझ्यापुढे धरला. त्यातून कर्नलसाहेब मोठ्यानं विचारत होते, "सुभेदारसाहब, सुना क्या? साइन हो गया! वही हॉस्पिटल, दो साल!"

मी गॅस बंद केला आणि तिथेच स्टुलावर बसले. इतके दिवस आपलेही खांदे आवळलेले होते, हे मला तेव्हा कळलं. काकांना अखेर आवाज सापडला आणि त्यांनी "जयहिंद!" अशी आरोळी दिली. रेड्डीगारू दाढीचा साबण तसाच घेऊन बाहेर आले आणि कशाबद्दल ते न विचारता टाळ्या वाजवू लागले. वरून काकूंचा हळू आवाज आला, "काय झालं वो?"

आम्ही सगळे वर गेलो. काकांनी बातमी सांगितली. काकूंनी ती शांतपणे ऐकली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं बाई. आता ह्यांचा ओला पायजमा धुवायचा तरी सुटला." काका चमकले. "तुला ठाऊक होतं?" काकू पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी गच्चीवर काका वाळलेले कपडे काढत होते. मी म्हटलं, "चला काका, दोन वर्षं आता घोर नाही."

त्यांनी काकूंची साडी नीट चार पदरी घडी केली, हातानं दाबून सपाट केली. मग विद्यानगरच्या बाजूला बघत म्हणाले, "दोन वर्षांनी हीच कटकट पुन्हा मागं लागू दे, पोरी. हाच कागद, हीच दिल्ली. लागायलाच पाहिजे."

खालून काकूंनी हाक मारली. "आलो, आलो," म्हणत ते साडी छातीशी धरून जिना उतरले.