पर्वा नाही

“तिला कशाचीच पर्वा नाही गं. वर तसं लिहूनही कळवते! पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी देऊ या.”

मीटिंगला मी पाच मिनिटं आधीच येऊन बसले होते. कॅमेरा बंद, माइक बंद, नेहमीसारखं. पुण्याच्या संपादक ताईंचं स्क्रीनकडं लक्ष नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या कुणाशी तरी त्या बोलत होत्या. आणि ‘ती’ म्हणजे मीच होते.

कुंभकोणमला घरी बसून मी मुलांची विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीतून मराठीत आणते. शाळा इंग्रजी माध्यमाची. देवनागरी शिकले ती हिंदीच्या तासाला. मराठी फक्त घरचं, तंजावरी. बर्फाचं पाणी ‘जाहलं’ असं मी पहिल्याच पुस्तकात लिहिलं होतं. ताई हसल्या नाहीत. समासात लिहिलं, ‘गोड आहे, पण इथल्या मुलांना जुनं वाटेल.’ लिहिण्याचं मराठी मी शिकले ते अशा समासातल्या ओळींतून. हे त्यांना कधी सांगितलं नाही. फ्रीलान्स कामात बोलावं लागत नाही, हेच तर मला आवडायचं.

पण असं काय लिहिलं होतं मी? जुने निरोप वर सरकवले. ‘पहिल्या आवृत्तीत तुझं नाव छापायचं राहून गेलं, माफ कर.’ खाली माझं उत्तर: ‘पर्वा नाही.’ मागच्या आठवड्यातला निरोप: ‘चार दिवस ताप होता गं, तपासायला उशीर झाला.’ त्यालाही: ‘पर्वा नाही.’

दोन्ही वेळा मी अगदी मनापासून लिहिलं होतं. त्यात काय चुकलं ते कळेना.

तेवढ्यात मागच्या दाराशी शेजारीण आली. पोंगलला नेलेलं पातेलं आज परत आणलं म्हणून ओशाळून बोलत होती. आई तमिळमध्ये म्हणाली, “परवायिल्लै, परवायिल्लै!” मग पातेलं घेऊन आत येत मला म्हणाली, “बिचारीला केवढी लाज वाटली. मी म्हटलं, पर्वा नाही.”

मी आईकडं बघतच राहिले. शेजारणीला द्यायचा तमिळ दिलासा आमच्या घरानं कधी तरी जसाच्या तसा मराठीत आणला होता. पुण्यात त्याचा अर्थ होत होता, तुझा ताप गेला उडत! समोर बसून म्हटलं असतं तर माझ्या चेहऱ्यानं सावरून घेतलं असतं. पण मी चेहरा कधी दाखवलाच नव्हता.

खुलासा टाइप करायला घेतला. तीन ओळी लिहिल्या, खोडल्या. लिहूनच तर हा घोळ झाला होता. पुस्तक गेलं असतं तर वाईट वाटलंच असतं, पण त्याहून वाईट म्हणजे त्या समासातल्या ओळी थांबल्या असत्या. आधी कॅमेरा लावला, मग माइक.

“ताई, मी मघापासून इथंच आहे. ऐकलं सगळं. आमच्या घरी ‘पर्वा नाही’ म्हणजे ‘असू दे, काही बिघडलं नाही’. लिहायला मी तुमच्याकडूनच शिकले, हा एक शब्द तेवढा राहिला. आणि विचारायचंही राहिलं... ताप उतरला का तुमचा?”