सावधान पडलेला माणूस

त्या काळी मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. पोस्टिंग उत्तरेकडच्या एका मिलिटरी हॉस्पिटलात, सर्जिकल वॉर्डावर. सकाळी कमांडिंग ऑफिसरचा राउंड असे. त्याआधी फरशीला फिनेलचा आणि चादरींना खळीचा वास येई. दारातून ‘वॉर्ड, सावधान!’ अशी आरोळी उठली की उठू न शकणारे जवान पडल्यापडल्या सावधान होत. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला लागलेल्या, नजर छताला. ‘कैसे हो?’ ‘ठीक हूँ, साहब.’ पोटावर ताजे टाके असलेलाही हेच सांगे. राउंड पुढे सरकला की मी मागे वळून पाही. खरी तब्येत तेव्हा दिसायची.

एका हिवाळ्यात मी सुट्टीवर माझ्या गावी, वडीगोद्रीला आले होते. उसाचा हंगाम होता. अंकुशनगरच्या कारखान्याकडून मळीचा गोड, आंबूस वास वाऱ्यासोबत अंगणापर्यंत येई. शेजारी रिटायर्ड हवालदार काशीनाथ राहत. मला फौजेची वाट त्यांनी दाखवली होती. वडिलांचे मनही त्यांनीच वळवले. लहानपणापासून ते माझे काका. पण मला कमिशन मिळाले तेव्हापासून मी दिसले की ते ताठ उभे राहून सॅल्यूट करीत.

“कडेवर खेळवलेली पोरगी ती,” त्यांच्या पत्नी गयाकाकू हसत, “अन् तिलाच सलाम ठोकून राह्यलेत!”

“सलाम रँकला असतो, गया. तुला न्हाई कळायचं.”

एका दुपारी काकू धापा टाकत आल्या. “पोरी, जल्दी चल. सकाळपासून ओकून राह्यलेत. दवाखान्यात नेलंय.”

रस्त्याकाठचा तो छोटा दवाखाना. तरुण डॉक्टर काकांचे पोट तपासत होते. काका टेबलावर सरळ पडले होते. टाचा जुळलेल्या.

“फार दुखतं का?”

“थोडंसं. ठीक आहे, साहेब.”

“ॲसिडिटी वाटते,” डॉक्टर मला म्हणाले. “इंजेक्शन देतो. घरी न्या.”

डॉक्टर आणि मी खोलीबाहेर आलो. उंबऱ्यावरून मी सवयीने मागे पाहिले. काका उठून बसले होते, गुडघे छातीशी ओढून, कपाळ गुडघ्यांवर टेकवून, उन्हात पडलेल्या पानासारखे आकसलेले.

“डॉक्टर, मागे बघा.”

आम्हाला पाहताच ते पुन्हा सरळ होऊ लागले. मी वॉर्डातला आवाज काढला. “हवालदार, विश्राम! वाकूनच बसा. हुकूम आहे. आता खरा रिपोर्ट द्या.”

ते पुन्हा गुडघ्यांवर वाकले. “मॅडम, इथून आरपार पाठीत जातंय. भाला खुपसल्यागत. उताणं झोपवत न्हाई.”

त्यांचा हात ओला, गार होता. नाडी बोटांखाली धाग्यासारखी, पळणारी. श्वास उथळ आणि भरभर.

“काकू, लघवीला कधी गेले होते?”

“सकाळपासून न्हाई, बाई.”

डॉक्टरांनी ब्लडप्रेशर घेतले, पुन्हा घेतले. “स्वादुपिंडाची सूज असावी. पॅनक्रियाटायटिस. रक्ताची तपासणी इथे होत नाही.”

“आजाराचं नाव औरंगाबादला ठरेल. गंभीर आहे, एवढं आत्ताच ठरवू.”

“गंभीरच आहे,” ते म्हणाले, आणि मग त्यांनी वेळ घालवला नाही. दोन्ही हातांना सलाईन, ऑक्सिजन, औरंगाबादला फोन. “पेशंट सिरियस. प्रेशर कमी. लघवी बंद. बेड तयार ठेवा.”

जीप मिळाली, रस्ता मिळेना. पुढे उसाच्या गाड्या, बैलांच्या घुंगरांचा संथ नाद. ड्रायव्हर हॉर्न दाबून ओरडत होता. काका माझ्या खांद्यावर पुढे झुकून बसले होते. सलाईनच्या बाटल्या काकूंच्या दोन्ही हातांत. पाचोडच्या पुढे काकांचे बोलणे विस्कटू लागले.

“पोस्ट सोडली न्हाई ना मी?”

“नाही, काका.”

“मंग ठीक.”

बेड तयार होता. डॉक्टरांनी शर्थ केली. पण लघवी सुटली नाही, आणि मग फुप्फुसेही थकली. वेदनेचा रिपोर्ट वेळेवर आला असता तर ते वाचले असते का, हे मी तिथल्या मोठ्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “सांगता येत नाही.” ते उत्तर मी आजही बाळगून आहे.

त्यांना गावी आणले. अंगणात माणसांनी त्यांना तिरडीवर ठेवले; पाय जुळवले, हात सरळ केले. इतका वेळ दगडासारख्या बसलेल्या काकू उठल्या. त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाल्या, “असं सरळ नका ठिवू त्यांला. दुखतंय त्यांला.”

मळीचा वास येत होता.

सुट्टी संपवून मी वॉर्डावर परतले. आरोळी उठली, टाचा जुळल्या. त्यानंतर फौजेत होते तोवर, राउंड गेला की मी प्रत्येक पलंगापाशी थांबे, आणि तब्येत विचारण्याआधी एकच शब्द बोले. “विश्राम.” मग माणसे हळूहळू वाकत, कुशीवर वळत, गुडघे पोटाशी घेत. त्या वाकण्यात मला हवालदार काशीनाथ भेटत. मी त्यांना मनातल्या मनात सॅल्यूट करी.