दत्ताकाकांचं रेकॉर्डिंग भिंतीला का धडकत होतं

स्क्रीनवर दत्ताकाकांचा हिरो भिंतीला घासून राहिला, मागून राक्षस गोळ्या घालून राहिले, अन् दहा सेकंदांत खेळ खलास!

"पप्पा, हेच का तुमचं 'एक बी गोळी न खाता'?" त्यांची पोरगी आरती खो-खो हसली.

"मी असा खेळतच नव्हतो," काका म्हणाले.

लग्नाआधी काकांनी हा शूटर गेम खेळताना रेकॉर्ड केला होता. नंतर उजव्या हाताची तीन बोटं कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेली. आता खेळून दाखवता येत न्हाई. पोरीला पटवायला एवढाच पुरावा, म्हणून भोकरहून जुनी हार्डडिस्क घेऊन आमच्या नांदेडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आलेले.

मी डिस्कवरून फाईल काढली होती अन् गेम नव्या ओपन-सोर्स इंजिनवर टाकला होता. म्हणजे नकाशे, राक्षस सगळे जुन्या गेमचे, पण त्यांना पळवणारं सॉफ्टवेअर आजचं. फुकट! अन् कुणीही आत शिरून सुधारू शकतं. लई भारी प्रकार हाय!

"काका, फाईल खराब झाली असंल," मी बिनधास्त बोलून गेले.

काकांनी डिस्क उचलली अन् पिशवीत घालायला लागले. आरतीचं हसू थांबलं.

काउंटरवरून आमचे मालक सलीमभाई म्हणाले, "अगं, फाईल खराब असती तर चालू तरी झाली असती का? सेटिंग बघितली?"

न्हाई बघितली!

ते रेकॉर्डिंग व्हिडिओ नसतंच. कोणत्या क्षणी कोणतं बटन दाबलं, तेवढंच फाईलमध्ये असतं. इंजिन तीच बटनं परत दाबतं. पण नव्या इंजिनात गेमच्या जुन्या चुका दुरुस्त केलेल्या. एक राक्षस जरा वेगळा हलला की पुढचं सगळंच हुकतं. काकांची बटनं बरोबर होती, माझा गेम वेगळा होता!

"काका, दोन मिनिटं बसा ना, प्लीज."

मी सेटिंगमध्ये कंपॅटिबिलिटी जुन्यावर आणली. म्हणजे चुकांसकट, तेव्हा चालायचा तसा चाल बाबा.

हिरो सुटला! भिंतीजवळून वळला, दोन राक्षसांच्या मधून निसटला, दार उघडायच्या आधीच बंदूक रोखून तयार. शेवटच्या खोलीपर्यंत हेल्थ शंभर. एक बी गोळी न्हाई.

आरती खुर्ची पुढं ओढत म्हणाली, "पप्पा, दाराच्या मागं तो हाय हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्याचा आवाज येतो की. नीट ऐक. ताई, परत लावा जरा."

चार वेळा लावलं. मागं गिऱ्हाइकं खोळंबली, सलीमभाई माझ्याकडं बघून राहिले.

आता मी आधी सेटिंग बघते. फाईल खराब हाय का ते मग.